तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी ट्रेलरवर घालून न्यावी का?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या डॅलसला बिऱ्हाड हलवलं तेव्हा सामान भाड्याच्या २६ फुटी ट्रकमध्ये भरलं आणि आमची गाडी ट्रेलरवर चढवून त्याच ट्रकमागे जोडली. मी आणि नवऱ्याने तो आलटून पालटून चालवला. तेव्हापासून राज्य बदलायला निघालेलं ओळखीचं कुणीही भेटलं की विचारतं, "आम्हीही तशीच न्यावी का? आणि हायवेवर मागचा ट्रेलर डोलायला लागला तर?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर नीट समजलं तरच पहिल्याला हो म्हणा.

डोलणं म्हणजे ट्रेलरची मागची बाजू डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागते. शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला, आडवा वारा लागला, उतारावर वेग वाढला की हे सुरू होतं. वेग बेताचा असेल तर दोन-तीन झोक्यांत थांबतंही. पण एका मर्यादेपलीकडे प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी मागचा भार पुढच्या वाहनालाच फिरवून टाकतो. ती मर्यादा कुठे येणार हे बरंचसं वजन कुठे ठेवलंय यावर अवलंबून असतं. ट्रेलरच्या एकूण वजनातला साधारण १० ते १५ टक्के भार पुढे हिचच्या, म्हणजे ट्रकमागे ट्रेलर अडकवायच्या जोडणीच्या, गोळ्यावर यायला हवा. उसाची बैलगाडी मागे जास्त भरून उलाळ झाली की जू वर उचललं जातं आणि बैलांचा गाडीवर जोर राहत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ट्रेलरचंही तेच आहे.

म्हणून गाडी तोंड पुढे करूनच चढवायची. बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे वजन आपोआप पुढे येतं. चढायला-उतरायला सोपं पडेल म्हणून उलटी चढवायचा विचारही करू नका. आणि हात जोडून सांगते, डिकी रिकामी ठेवा. आपल्याकडे शेवटच्या दिवशी जे ट्रकमध्ये मावत नाही ते सगळं डिकीत जातं: पुस्तकांचे खोके, तांदळाच्या पिशव्या, दगडी ग्राइंडर. हे सगळं वजन नको तिथे, अगदी मागच्या टोकाला पडतं. आमचा ग्राइंडर ट्रकमध्ये, केबिनला लागून असलेल्या भिंतीशी बसून गेला. ट्रक भरतानाही जड सामान पुढेच.

एवढं करूनही डोलायला लागलाच, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि वेग आपसूक उतरू द्यायचा. ब्रेक मारायचा नाही, उलट्या दिशेने स्टिअरिंग फिरवायचं नाही, वेग वाढवून तो सरळ करायला तर मुळीच जायचं नाही. हात-पाय नेमकं यातलंच काहीतरी करायला धावतात. निघण्याआधी हा क्रम दोघांनीही मोठ्याने म्हणून पाठ करा.

ट्रेलर घ्यायचा की डॉली, हेही विचारतात. डॉलीवर पुढची दोनच चाकं चढतात, मागची रस्त्यावर फिरत राहतात. गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर तशी ओढून चालत नाही, गिअरबॉक्सची वाट लागते. शिवाय डॉली जोडलेली असताना मागे घेता येत नाही. चारही चाकं वर घेणारा ट्रेलर थोडा महाग पडतो, पण मी तोच सांगेन. त्याला स्वतःचे ब्रेक असतात. पुढचं वाहन मंदावलं की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्या रेट्यानेच ते लागतात. तरीही थांबायला अंतर खूपच जास्त लागतं, तेव्हा पुढच्या वाहनापासून लांब राहा.

जोडणी भाड्याच्या दुकानातला माणूस करून देतो, पण ती स्वतः वाकून बघा. कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, गोळ्यावर बसणारी खोबण) गोळ्यावर पूर्ण बसून लॉक झालाय का, साखळ्या खालून फुलीसारख्या एकमेकींवरून गेल्यात का, ब्रेकचे आणि वळायचे दिवे लागतात का. चाकांवरचे पट्टे सुरुवातीच्या काही मैलांत सैल पडतात, म्हणून पहिल्या दहा-पंधरा मैलांत थांबून ते पुन्हा आवळायचे आणि पुढे प्रत्येक थांब्यावर हात लावून बघायचे.

आता रस्ता. एडिसनकरांच्या पायाखालचा गार्डन स्टेट पार्कवे हा न्यू जर्सीतला हायवे या ट्रकला बंद, कारण एक्झिट १०५ च्या उत्तरेला ट्रकना मनाई आहे. ट्रकची उंची १३ फुटांच्या आसपास, आणि फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला ती ठाऊक नसते, तो कमी उंचीच्या पुलाखालूनही रस्ता दाखवतो. आम्ही आय-७८ (आय म्हणजे इंटरस्टेट, राज्याराज्यांतून जाणारा हायवे) ने हॅरिसबर्गकडे, तिथून आय-८१ ने व्हर्जिनियातून खाली, मग आय-४० ने नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, मेंफिस, लिटल रॉक आणि शेवटी आय-३० धरून डॅलस असे गेलो. साधारण १,५५० मैल. आय-८१ वर ट्रकची रीघ असते, शेनन्डोआ खोरं कितीही सुंदर असलं तरी चालवणाऱ्याने आरशातच बघायचं. टेनेसीत मॉन्टेरीहून कुकव्हिलकडे उतरताना गिअर उतार लागण्याआधीच खाली आणावा. ब्रेक दाबून दाबून तापले की धरत नाहीत. आणि वेग: ट्रेलर देणाऱ्यांनी ताशी ५५ मैलांची मर्यादा सांगितलेली असते, ती पाळा. बाकीचे ७० ने जातात, जाऊ देत. सगळ्यात उजवी लेन आपली. या हिशेबाने फोन जेवढे तास दाखवतो त्याहून बरेच जास्त लागतात, मुक्काम त्या बेताने ठरवा.

पेट्रोलसाठी ट्रक स्टॉपच बरे. छोट्या पंपावर आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. मोटेल बुक करताना ट्रकला पार्किंग आहे का हे फोन करून विचारा आणि सरळ पुढे निघता येईल अशीच जागा धरा. मागे घ्यायची वेळ आलीच तर हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरची मागची बाजू जाते. एकाने खाली उतरून मागे उभं राहायचंच.

कढीपत्त्याचं झाड मात्र शेजारणीला देऊन आले. जीव तुटला, पण कढीपत्ता लिंबू-संत्र्यांच्याच कुळातला, आणि लिंबूवर्गीय बागांचा नाश करणाऱ्या रोगाची वाहक कीड त्याच्यावर वाढते. टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया या बाबतीत कडक आहेत, आणि ते बरोबरच आहे.

तर, न्यावी का? दोघं चालवणारे असाल, हाताशी वेळ असेल आणि ५५ ने जायचा संयम असेल तर जरूर न्या. २६,००० पौंडांपर्यंतचा ट्रक आणि १०,००० पौंडांपर्यंतचा ट्रेलर व्यावसायिक परवान्याशिवाय चालवता येतो. विम्याचं आधी विचारून घ्या, घरच्या गाडीच्या पॉलिसीत एवढा ट्रक सहसा बसत नाही. एकटेच चालवणार असाल, सोबत तान्हं बाळ असेल, किंवा जानेवारीतल्या बर्फात निघावं लागणार असेल, तर गाडी सरळ ट्रान्सपोर्टवाल्याला द्या. देण्याआधी त्याचा यूएसडॉट नंबर (वाहतूकदाराचा सरकारी नोंदणी क्रमांक) मागून घ्या आणि एफएमसीएसए या ट्रक-वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या नोंदीत तो चालू आहे ना, एवढं तपासा.