गणिताच्या बाई आणि पत्रांचे डोंगर

आज दिवसभर चॅरिटी अ‍ॅडम्स डोक्यातून जात नाहीत. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात गणित-विज्ञान शिकवणाऱ्या या बाई दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये महिला सैन्यदलात गेल्या. 1945 मध्ये मेजर म्हणून कृष्णवर्णीय महिलांची 6888वी टपाल बटालियन घेऊन इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला पोचल्या. सुमारे 855 जणी.

तिथे काय, तर अमेरिकन सैनिकांना आलेल्या, पण न वाटलेल्या पत्रांचे आणि पार्सलांचे छपरापर्यंत ढीग. हवाई हल्ल्यांच्या भीतीने काळ्या केलेल्या खिडक्या, थंडी, आणि नाताळच्या पार्सलातल्या केकवर ताव मारणारे उंदीर!

पत्रं तुंबली कारण सैनिक सतत हलायचे, नि पत्ता मात्र जुनाच. त्यात एकाच नावाचे शेकडो, रॉबर्ट स्मिथ तर हजारोंनी. काही पाकिटांवर नुसतं घरगुती नाव, ‘ज्युनियर, अमेरिकन सैन्य’. आता शोधा!

उपाय कार्डांचा. सुमारे 70 लाख कार्डं, प्रत्येकावर नाव आणि सैनिकी क्रमांक. नाव जुळलं तरी क्रमांक जुळत नाही, म्हणजे माणूस वेगळा. तुकडी बदलली की कार्डही बदलायचं, नाहीतर पत्र पुन्हा भलतीकडे. पत्रं मारल्या गेलेल्या सैनिकांचीही निघत. ती परत घरी पाठवायची. हे काम सगळ्यात जड असणार.

आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, रविवारचीही सुट्टी नाही. एका पाळीत सुमारे 65,000 पत्रं. मुदत सहा महिन्यांची, काम तीनच महिन्यांत फत्ते. मग फ्रान्समध्ये रुआँला तसलाच ढीग वाट बघत होता.

बटालियनला अमेरिकन काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, सुवर्णपदक मिळालं ते 2022 च्या कायद्याने. बाई 2002 मध्येच गेल्या होत्या.