कणभर

"कणभर तरी घे गं," हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशेब नाही. पोट भरलेलं असलं तरी मी ते कणभर घेतही आले. कणभर म्हणजे काय, नसल्यातच जमा. समोरच्याचं मन राखायला तेवढं पुरतं आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. चाळिशीपर्यंत माझी अशीच समजूत होती.

आता आमच्या घरात कणभर हे मोजमाप आहे, आणि ते मोठं आहे.

मला सीलिअॅक आहे. गहू, सातू म्हणजे बार्ली, आणि राय (मोहरीची राई नव्हे), या तीन धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की माझं शरीर माझ्याच आतड्यावर उठतं. आजार जन्मभराचा. औषध म्हणावं असं एकच, ते म्हणजे न खाणं. हे दोन ओळींत सांगून होतं, पण कळायला मला सहा वर्षं लागली. कारण माझं पोट कधी दुखलंच नाही. दुखलं असतं तर कुणीतरी पोटाकडे पाहिलं असतं. माझं आपलं रक्त कमी. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, हिमोग्लोबिन जरा वर यायचं, पुन्हा घसरायचं. जिना चढताना धाप लागायची, तोंड यायचं. "दगदग कमी करा," असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. त्यातल्या कुणीही माझी दगदग वाटून घेतली नाही.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी साधा प्रश्न विचारला, "इतक्या गोळ्या पोटात जातात, तर मुरतात कुठे?" लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सीलिअॅकचा पहिला घाव बसतो तो नेमका तिथेच. तिथे आतून बोटांसारखे बारीक अंकुर असतात, विलाय म्हणतात त्यांना. मखमलीचे तंतू उभे असावेत तसे. माझी मखमल झिजून गोणपाट झाली होती. सहा वर्षं मी गळक्या हंड्यात पाणी भरत होते.

रक्ततपासणीत टीटीजी नावाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, भरपूर निघाली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढायचं ठरलं. आणि आता गंमत. तोवर गहू सोडायचा नाही, असं बजावलं गेलं. सोडला तर आतडं सावरायला लागतं, प्रतिपिंडं उतरतात आणि तपासणी खोटं बोलते. म्हणजे जो मला खातोय, त्यालाच मी आणखी तीन आठवडे मुकाट खायचं. (निदानाआधीच स्वतःच्या मनाने गहू बंद करून "मला आता बरं वाटतंय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगते, आधी तपासून घ्या. नंतर खरं-खोटं करायचं तर पुन्हा गहू खावा लागतो, आणि ती शिक्षा कुणाला नको.) ते तीन आठवडे मी निरोप समारंभासारखे घालवले. केक खाल्ला, नूडल्स खाल्ल्या, बिस्किटं चहात बुडवून, अर्धी कपातच विरघळू देऊन खाल्ली. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी कंटाळा आला. एवढ्यासाठी रडायचं होतं का, असंही वाटलं. रडू नंतर आलं, किराणा सामानाच्या दुकानात, एका पाकिटामागची बारीक अक्षरं वाचताना.

निदानानंतर पीठ घराबाहेर काढायचं होतं. त्याआधी नवऱ्याला एक प्रयोग करायला लावला. मी दाराशी उभी राहिले. त्याने कणकेचा गोळा मळला आणि पाण्याखाली धरून दाबत राहिला. पांढरं दुधासारखं पाणी वाहून गेलं, तो पिष्टाचा भाग. हातात उरला करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा लगदा. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या विद्वानाने अठराव्या शतकात हेच केलं होतं, त्याचा वृत्तांत १७४५ साली छापला गेला. ग्लूटेन हा शब्द लॅटिनमधला, अर्थ डिंक किंवा सरस. नवऱ्याने तो लगदा वीतभर ताणला, सोडला, पुन्हा ताणला आणि म्हणाला, "एवढ्याशाला घाबरतेस?"

घाबरावं असंच ते आहे. त्यातली प्रथिनं अशा घडणीची की आपले पाचकरस त्यांचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. कुणाच्याच पोटात नाही, अगदी धडधाकट माणसाच्याही. फरक एवढाच की बाकीच्यांच्या शरीराला त्या अर्धवट तुकड्यांचं काही वाटत नाही आणि माझं शरीर त्यांना शत्रू समजून तोफा डागतं. तोफा लागतात आतड्याला. त्यासाठी लागणारी जनुकं, डीक्यू २ किंवा डीक्यू ८, साधारण तीनातल्या एका माणसात असतात, पण आजार होतो शंभरात सुमारे एकाला. बाकीचे का सुटतात, हे कोडं अजून पुरतं उलगडलेलं नाही. सख्ख्या नात्यात मात्र प्रमाण दहात एकाच्या आसपास जातं, म्हणून भावाला तपासायला सांगितलं. तो म्हणतो, "मला काही होत नाही." मलाही काही होत नव्हतं.

आता कणाचा हिशेब. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, हे प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणजे स्लाइसचा चाळिसावा-पन्नासावा भाग. ताटलीच्या कडेला पडतो तो चुरा साधारण एवढाच असावा. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये, असा दंडक बऱ्याच देशांत आहे. मराठीत आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. माझ्या बाबतीत शीत नापास तर अख्खं भांडं नापास.

आणि भाषेनेच माझी थट्टा केल्यासारखं, कणीक या शब्दाच्या पोटातही कण आहेच.

मग मी कण बघायला लागले. आजवर मी स्वयंपाकघर स्वच्छ ठेवते असं समजत होते! टोस्टर उलटा केला तर ओंजळभर चुरा निघाला, बहुधा आमच्या लग्नापासूनचा. लोण्याच्या डब्यात सुरी जाते, ब्रेडला लागते, पुन्हा डब्यात येते. जॅमचं तेच. लाकडी उलथन्याच्या भेगा, चाळणीची जाळी, ज्या पाण्यात पास्ता उकडला तेच पाणी. उष्णतेने ग्लूटेन मरत नाही, ते जंतू नाही, त्यामुळे "उकळून घेतलंय" हा दिलासा इथे चालत नाही. पीठ हवेत उडतं आणि बऱ्याच वेळाने खाली बसतं. मुलीची खेळायची रंगीत लगद्याची डबी उघडली तर त्यातही गव्हाचं पीठ. तिला म्हटलं, खेळून झालं की हात धू, टेबल पूस. ती पाच वर्षांची. तिने गंभीरपणे विचारलं, "आई, तू लगदा खातेस?"

आता घरात दोन टोस्टर आहेत, माझ्या लोण्याच्या डब्याला लाल झाकण आहे आणि चाळणी नवी. जुनी चाळणी आईची होती. ती फेकवेना, तेव्हा माळ्यावर गेली.

पाकिटं वाचणं ही वेगळीच विद्या. सोया सॉस सोयाबीनचा असणार असं कुणालाही वाटेल, पण बहुतेक प्रकारांत गहू पडतो. माल्ट म्हणजे मोड आणलेली बार्ली, ती चॉकलेटात, पेयांत, सकाळच्या मक्याच्या पोह्यांतसुद्धा. सूपला दाटपणा यायला मैदा. ओट्स तसे निरुपद्रवी, पण गव्हाशेजारच्या शेतात वाढतात, त्याच यंत्रात दळले जातात, त्यामुळे खास वेगळे राखलेलेच घ्यावे लागतात, आणि काहींना तेही सोसत नाहीत. उलट बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, इंग्रजी नावात गहू आहे, पण त्याचं गव्हाशी नातंच नाही. 'गहूविरहित' लिहिलेल्या पाकिटात बार्ली सुखाने नांदत असते. दर खेपेला पाकीट उलटून बघायचं, कारण कंपनी न सांगता कृती बदलते. दुकानात माझ्यामागे रांग लागते. मी लोकांना पुढे जाऊ देते.

बाकी खायला पुष्कळ आहे. भात, मका, बटाटे, ज्वारी, बाजरी, डाळी, फळं, भाज्या, अंडी, मासे. पंचाईत होते ती पाव, केक यांची. सरस काढून घेतलेलं पीठ म्हणजे वाळूचा किल्ला. त्यात इसबगोल घालून मी महिनाभर झटले. पहिला पाव दाराला अडसर म्हणून वापरता आला असता.

हा आजार कळायला जगालाही वेळच लागला, हे वाचून मला जरा बरं वाटलं. लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरने १८८८ साली त्याचं नेमकं वर्णन लिहिलं आणि बरं होणं असलंच तर ते आहारातूनच, हेही ओळखलं. पण कुठल्या आहारातून? त्याच्या एका बालरुग्णाला रोज शिंपल्यांतले प्राणी खायला दिले, मूल बाळसं धरायला लागलं. हंगाम संपला, मूल पुन्हा खंगलं. पुढे १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार काढला. मुलं खरोखर सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळालं. ताटातून ब्रेड गेलाय, याकडे कुणी पाहिना. मला हा प्रकार फार माणसासारखा वाटतो. जे दिलं त्याचा गवगवा, जे काढून घेतलं त्याची नोंद नाही. गव्हावर बोट ठेवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला युद्धाआधीपासूनच संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेनासा झाला, त्या हलाखीने संशय बळावला. १९५० साली त्याने प्रबंधात ते मांडलं. गाव उपाशी आणि ही मुलं सुधारताहेत, हे पाहताना त्या माणसाला काय वाटलं असेल?

लोकांशी बोलणं मात्र अजून जमलेलं नाही. अर्ध्या जणांना ग्लूटेन म्हणजे ग्लुकोज वाटतं. "मग साखर चालते का?" चालते, दुर्दैवाने. काहींना ते वजन कमी करायचं खूळ वाटतं. त्या खुळाचे माझ्यावर उपकार आहेत, त्याच्यामुळे दुकानात पाकिटं वाढली. पण त्याच्याचमुळे उपाहारगृहातला माणूस मला हौशी समजतो. एकदा मी सूपबद्दल विचारलं, तो आत जाऊन आला आणि आश्वासक हसून म्हणाला, "मैदा आहे, पण अगदी कणभर."

चूक झाली की मला दोन दिवस डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं, पोट फुगतं. पण काहींना काहीच होत नाही, आणि तेच वाईट. आतडं आतल्या आत झिजत राहतं आणि माणूस म्हणतो, बघा, पचलं. वर्षभराने माझी प्रतिपिंडं उतरली, हिमोग्लोबिन गोळ्यांशिवाय टिकलं. जिना आता मी बोलत बोलत चढते. तरी मोठ्यांचं आतडं सावकाश भरतं, वर्षंही लागतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, सहा वर्षांचं दुखणं, त्याला घाई कशाला.

परवा प्रवासात एका खानावळीत मी नेहमीचं पारायण सुरू केलं, यात काय आहे, त्याच तेलात आणखी काय तळता, कढई वेगळी आहे का. वाढणारा वैतागला होता. शेजारच्या टेबलावरच्या एक वयस्क बाई ऐकत होत्या. तो आत गेल्यावर त्यांनी खुर्ची जरा सरकवली आणि हळूच विचारलं, "तुम्हालाही का?"

मी मान हलवली.

"किती वर्षं झाली?"

"दीड. तुम्हाला?"

"एकवीस." त्यांनी पिशवीतून स्वतःचा चमचा काढून रुमालाने पुसला. "सॅलड घ्या इथलं. पण वर ब्रेडचे तुकडे घालतात. नको म्हटलं की वरचे वेचून तीच थाळी परत आणतात. तसं नाही चालवून घ्यायचं. नवीन करायला लावायचं, आणि येईपर्यंत आतल्या दाराकडे बघत बसायचं."

आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो.