बांडगूळ कोणाला म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मी बॉटनी शिकवते हे कळलं की लग्नकार्यात पण कोणीतरी हळूच विचारतंच, "मॅडम, माणसांतही बांडगुळं असतात ना?" आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा घरातलंच कोणीतरी असतं, नोकरी सुटलेला दीर नाहीतर माहेरी परत आलेली नणंद.

आधी झाड बघा. आपल्याकडे जुन्या आंब्यावर फांदीला गाठ आलेली असते, तिथून बांडगूळ फुटतं. त्याची पानं चांगली हिरवीगार, म्हणजे अन्न ते स्वतः बनवू शकतं, फक्त पाणी आणि क्षार आंब्याकडून ओढतं. (अमरवेलीचं वेगळं, तिला पानंच नाहीत, ती सगळंच दुसऱ्याकडून घेते.) आता मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्री असताना आंबा पाणी जपून वापरतो, पानांची छिद्रं मिटून घेतो, पण बांडगूळ त्याच फांदीवर बसून पाणी उडवतच राहतं, आणि गाठीच्या पुढची आंब्याची फांदी हळूहळू वाळत जाते. त्यात बांडगुळाचा दोष काहीच नाही, ते तसंच घडलंय. माणसाला मात्र समोरच्याची टंचाई दिसते.

माझी आत्या नवरा गेल्यावर नागपुरातल्या महाल भागात आमच्याच घरी राहिली, लोकं फुकट खाते म्हणायचे, पण बाबांचा पगार अडकला तेव्हा सगळ्यात आधी स्वतःचं दूध तिनंच बंद केलं, कोणी सांगितलं नव्हतं. तिला कोणी बांडगूळ म्हटलं तर मला आजही संताप येतो. म्हातारं, आजारी, बेकार माणूस घेतो म्हणून तो परजीवी होत नाही हो!

उलट एका मैत्रिणीचा भाऊ, चांगला कमावता, तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं त्या महिन्यातही पैशासाठी त्याचा फोन आलाच आणि तिनं दिले. आता ती भिशीला येत नाही, बहिणीकडे जात नाही, सगळं त्याच्याच भोवती. गाठीच्या पुढचं वाळणं मी म्हणते ते हेच.

तिला मी सांगते, रक्कम अर्धी करून काही होत नाही, बांडगुळाचा नुसता पाला छाटला तर आतून परत फुटतं, गाठीच्या खालून फांदीच तोडावी लागते. त्यात आंब्याचीही फांदी जाते. तिचे भाचे काही दिवस तुटतील, हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच अजून तिचा हात उचलत नाही.