लग्नपत्रिका, बिलबुकं आणि फुगे : आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर अजूनही ‘लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं’ एवढंच लिहिलेलं आहे. आम्ही आता चित्रकथा, म्हणजे कॉमिक्स, छापतो, पण त्यांचा उल्लेख नाही. पाटी बदलायची म्हटलं की काका गप्प होतात, कारण ती त्यांनी रंगवलेली. काकांबद्दल पुढे येईलच.

दुकान मुळात सासऱ्यांचं. बडोद्यात दांडिया बाजारात, वाड्याच्या तळमजल्यावर, पायानं चालवायचं एक ट्रेडल छपाई मशीन आणि मराठी-गुजराती खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या केसा. लग्नसराईत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही ओळ ते जुळवूनच ठेवायचे, खालची नावं तेवढी बदलायची. मी सून म्हणून आले तेव्हा ट्रेडलवर कापड पडलं होतं आणि टेबलावर कॉम्प्युटर आला होता. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं, मी तिथेच शिकले. पुढे मराठी पत्रिका कमी होत गेल्या. मुलगी मराठी, मुलगा गुजराती, मग भांडण नको म्हणून पत्रिका इंग्रजीत. त्यानंतर व्हॉट्सॲप आलं आणि इंग्रजीही गेली.

२०१६च्या उन्हाळ्यात नणंदेची मुलगी आमच्याकडे राहायला होती. फाइन आर्ट्सला शिकायची. एका दुपारी तिची वही उघडी राहिली आणि मी पाहिली. प्रत्येक पानावर सहा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत आमच्या सासूबाई. हिंचक्यावर बसलेल्या, भाजी निवडणाऱ्या, शेजारणीशी भांडणाऱ्या. गोष्ट अशी काही नव्हती, वाड्याच्या वाटण्या चालू होत्या आणि म्हातारी हिंचक्यावरून उठत नव्हती, एवढंच. बोलणाऱ्याच्या डोक्यावर काढतात त्या फुग्यांतलं बोलणं मात्र हुबेहूब सासूबाईंचं. मी तिला म्हटलं, हे छापू या. ती म्हणाली, ‘मामी, कोण घेणार?’ प्रश्न बरोबर होता, आजही आहे.

तरी छापायचं ठरवलं: ३२ पानं, डेमी साइज, एकरंगी, ७० जीएसएम नॅचरल शेड कागद, मधे दोन पिना, किंमत ६० रुपये, प्रती ५००. हिशेब सोपा होता: १८ बाय २३च्या मशीनवर सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म, म्हणजे एकेका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं. आणि तिथेच माझ्या हातून घोळ झाला. फाइल देताना मजकूर कर्व्ह करायला, म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकायला, विसरले. वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेली गोष्ट! प्रेसच्या जुन्या सॉफ्टवेअरनं एका फॉर्ममध्ये ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे नेऊन ठेवल्या आणि जोडाक्षरं मोडली. प्रूफ मागवलं असतं तर दिसलं असतं, पण दिवाळीची घाई होती. पिनबांधणीत एक फॉर्म दुसऱ्याच्या पोटात जातो, त्यामुळे चूक पान ९ पासून २४ पर्यंत सलग. म्हणजे सासूबाई पहिली आठ पानं शुद्ध बोलतात, मग त्यांना काहीतरी होतं, आणि शेवटच्या आठ पानांत त्या पुन्हा बऱ्या होतात.

तो फॉर्म पुन्हा छापला. बिघडलेले कागद रद्दीत देववेनात, म्हणून आम्ही त्यांत पार्सलं बांधायला लागलो. अजून थोडे उरले आहेत. एका वाचकानं तर कळवलं होतं की आतल्या पुस्तकापेक्षा वेष्टन जास्त गमतीचं आहे.

पुस्तक दिवाळीला, म्हणजे ३० ऑक्टोबरला हातात आलं. नवव्या दिवशी नोटाबंदी. दुकानात माणसं येत होती, पण पाचशेची जुनी नोट घेऊन. ‘घेत असाल तर आठ प्रती द्या, सुटे नकोत.’ एवढी मागणी पुन्हा कधी आली नाही, आणि तेव्हा एकही प्रत देता आली नाही.

त्या घोळामुळे एक ठरलं: फुग्यातला मजकूर फॉन्टनं बसवायचा नाही, हातानं लिहायचा. इथे काका आले. काका म्हणजे या भागातले बोर्ड पेंटर. किराणा, शिलाई, दवाखाना, सगळ्यांच्या पाट्या त्यांच्या हातच्या, मराठी आणि गुजराती दोन्ही. फ्लेक्स आल्यावर ब्रश घरी पडून होते. कॉमिक्स त्यांनी आयुष्यात वाचलं नव्हतं, पण अमुक जागेत तमुक अक्षरं कशी मावतील हे त्यांना विचारावं.

मराठीत ते सोपं नाही. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा सगळी अक्षरं कॅपिटल असतात, एका उंचीची, वर-खाली काही लोंबत नाही. ओळीला ओळ खेटून लिहिता येते. आपल्या ओळीला तीन मजले. मधे अक्षर, वर मात्रा-वेलांटी-रफार-अनुस्वार, खाली उकार. वरच्या ओळीतल्या ‘पू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘र्की’च्या डोक्यावर बसतो. इंग्रजीच्या चार ओळी जिथे मावतील तिथे आपल्या तीनच. म्हणून आमच्याकडे उलटा क्रम आहे: आधी काका मजकूर लिहितात, मग त्याभोवती फुगा, मग उरलेल्या जागेत चित्र. नवे चित्रकार सुरुवातीला वैतागतात.

काकांनी शिरोरेषेचं जे केलं ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई चिडल्या की शिरोरेषा जाड, शब्दाच्या पुढे थोडी बाहेर आलेली. रडवेल्या झाल्या की रेघ मधे मधे तुटलेली. आणि कुजबुजताना शिरोरेषाच नाही, नुसती उघडी अक्षरं. मी विचारलं, हे कुठून आणलंत? म्हणाले, ‘हळू बोलताना माणूस डोकं वर काढतो का?’

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तेव्हा आम्ही गाळा घेतला. दिवसभर एकच प्रश्न: ‘लहान मुलांसाठी आहे का?’ हो म्हटलं तर चाळून ठेवून द्यायचे, नाही म्हटलं तर संशयानं बघायचे. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. नमुना प्रत उचलली आणि उभ्या उभ्या तपासायला लागले. ‘बटाके’ खोडून ‘बटाटे’. ‘चोपडी’वर काट, वर ‘पुस्तक’. ‘हिंचका’ खोडून ‘झोपाळा’, तोही अकरा ठिकाणी. शेवटी प्रत माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘गोष्ट छान आहे, पण भाषेवर गुजरातीचा फार परिणाम आहे.’ पैसे देऊन दुसरी, कोरी प्रत घेऊन गेले.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘त्यांना म्हणावं या एकदा, बटाटे सोलायला.’

ती लाल प्रत मी जपून ठेवली आहे. माझं मत तेव्हाच पक्कं झालं. बडोद्याची घरातली मराठी पुस्तकांत जवळजवळ येतच नाही. लिहायला बसलं की आम्ही सगळे पुण्याचं बोलायला लागतो. फुग्यात तसं चालत नाही, कारण वर तोंड काढलेलं असतं आणि ते कुणाचं आहे ते दिसतं. शिवाय आमच्या पोरांच्या शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या. हिंदीमुळे देवनागरी येते, पण जाडजूड मराठी पुस्तक त्यांच्याकडून संपत नाही. चौकटीतली दोन वाक्यं ती वाचतात, आणि ‘ही तर आपली आजी’ म्हणतात.

आपण काही वेगळं करतोय असं कुणी म्हटलं तर मला संकोच वाटतो. याच गावातून गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी १९६९ ते १९७३ ‘वृश्चिक’ हे छोटं नियतकालिक काढलं होतं. खख्खर तर चार्टर्ड अकाउंटंट, चित्रं काढता काढता हिशेबाची नोकरीही करायचे. तिकडे अमेरिकेत रॉबर्ट क्रम्ब या कॉमिक्सच्या चित्रकारानं १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत आपलं कॉमिक बाबागाडीत घालून रस्त्यावर विकलं. नर्मदेच्या धरणावर ओरिजित सेन यांनी १९९४ सालीच चित्रकादंबरी केली होती, आणि नर्मदा आम्हाला काही परकी नाही. पण सगळ्यांत उपयोगी पडली ती सिएटलच्या फँटाग्राफिक्सची हकिगत. कॉमिक्सचं १९७६ पासूनचं नावाजलेलं प्रकाशन, २००३ मध्ये बुडायला आलं. त्यांनी वाचकांना सरळ सांगितलं, पुस्तकं विकत घ्या, नाहीतर बंद होतो. वाचकांनी घेतली. ते वाचून आम्ही लाज सोडली. आता आधी पैसे, मग छपाई. अडीचशे नावं जमली की प्लेट लावायची.

बाकीचा हिशेब थोडक्यात. पुस्तकांवर जीएसटी शून्य, त्यामुळे छपाईच्या बिलावर भरलेला कर परत मिळत नाही. वितरकाचं कमिशन देऊन हाती काही राहत नाही, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. २०२०च्या लॉकडाउनमध्ये लग्नंच थांबली तेव्हा दुकान चाललं ते उरलेल्या प्रतींवर, हे मात्र मला खरंच अपेक्षित नव्हतं. पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपालाची सोय, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर, पण नियतकालिकं त्यात बसत नाहीत. त्रैमासिकाचा बेत होता, तो त्या नियमाबरोबर संपला. सुटी पुस्तकंच काढतो. आजवर नऊ झाली.

नवा चित्रकार आला की मी त्याला आधी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात पाठवते. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, कृष्णकथा आहेत, महाभारत आहे, मराठे-इंग्रज लढाईही आहे. तासभर बघ म्हणते आणि चौकटी कुठे संपतात तेवढं सांग. काही जण परत येत नाहीत.

सध्या टेबलावर पहिल्या पुस्तकाची गुजराती आवृत्ती आहे. भाचीनं चित्रं तीच ठेवली, भाषांतर शेजारच्या बेननी केलं, लिहायला अर्थातच काका. मला वाटलं, गुजरातीला शिरोरेषा नाही, म्हणजे जागा वाचेल, काम लवकर उरकेल. चार पानं झाल्यावर काकांनी ब्रश खाली ठेवला. चष्मा काढून पान लांब धरलं. सासूबाई शेजारणीवर ओरडतात ते पान.

‘आख्खं पुस्तक कुजबुजतंय,’ म्हणाले.

फुग्याची कड तुटक काढून बघितली, अक्षर लहान करून बघितलं. त्यांना पटलेलं नाही. चार पानं परत घरी घेऊन गेलेत.