बास ट्रोम्बोन घेताय? ब्रँडच्या आधी दुसरा वॉल्व्ह बघा

बास ट्रोम्बोन घ्यायचा म्हटलं की सगळे आधी ब्रँडचंच विचारतात, बाख की यामाहा की कॉन. मला वाटतं पहिला प्रश्न दुसऱ्या वॉल्व्हचा (दाबला की हवा जादा नळीतून वळवणारी झडप) असायला हवा. टेनर (नेहमीचा ट्रोम्बोन) आणि बास दोघांची नळी बी फ्लॅटचीच, बासचा बोअर (नळीचा आतला व्यास) साधारण 0.562 इंच आणि बेल (पुढचं कर्ण्यासारखं तोंड) साडेनऊ-दहा इंच. पण नुसता एफ ट्रिगर (दाबला की एफची जादा नळी जोडणारा पहिला वॉल्व्ह) असला तर खालचा सी स्लाईडच्या (पुढेमागे सरकणाऱ्या नळीच्या) अगदी टोकाला मिळतो आणि त्याखालचा बी नॅचरल मिळतच नाही, कारण एफची नळी जोडली की पोझिशन्स (सुरासाठी स्लाईड थांबवायच्या जागा) लांब होतात आणि स्लाईड पुरत नाही. म्हणून दुसरा वॉल्व्ह.

आता तो इंडिपेंडंट की डिपेंडंट? इंडिपेंडंटमध्ये दुसरा एकटाही चालतो, बहुतेक वेळा जी फ्लॅटचा असतो, दोन्ही दाबले की डी. डिपेंडंटमध्ये दुसरा फक्त पहिल्यासोबतच चालतो, पण काहीच दाबलेलं नसताना हवा एकाच वॉल्व्हमधून जाते, इंडिपेंडंटमध्ये कायम दोघांतून. तरी मी इंडिपेंडंटच म्हणेन, जी फ्लॅटवर ज्या पर्यायी पोझिशन्स मिळतात त्या जलद पॅसेजमध्ये फार कामाला येतात.

वॉल्व्हच्या बनावटीबद्दल मात्र मी गोव्याची हवा धरूनच बोलणार. थेयर वॉल्व्हचा शंकूसारखा रोटर (आतला फिरणारा भाग), हवा जवळजवळ सरळ जाते, आवाज खरंच मोकळा सुटतो, मला तो मनापासून आवडतो. पण लिव्हरची हालचाल लांब, जागा जास्त खातो आणि तेल-साफसफाई नेमाने लागते, नाहीतर गळायला लागतो. इथे पावसाळ्यातली दमट हवा, किनाऱ्याला खारा वारा, त्यात फेस्ताच्या मिरवणुकीत वाजवायचं, म्हणजे त्याची काळजी दुप्पट. जिनिव्हाच्या रेने हॅगमनचा वॉल्व्ह मधला मार्ग आहे, मोकळा आणि लिव्हरची हालचालही छोटी, बजेट असेल तर जरूर बघा. नाहीतर साधा चांगला रोटरी (नेहमीच्या गोल फिरत्या रोटरचा) वॉल्व्ह घ्या, फ्रेंच हॉर्नचे रोटर उघडणारा माणूस हाही उघडू शकतो, इथे ही गोष्ट फार महत्त्वाची.

वापरलेला घेत असाल तर एकच लांब एफ आधी ट्रिगरशिवाय सहाव्या पोझिशनला आणि मग ट्रिगर दाबून पहिल्याला वाजवून बघा, हळू आणि जोरात दोन्ही. आवाज कोंडतोय का ते ऐका. आणि डावा हात दहा मिनिटं तसाच धरून ठेवा, दोन वॉल्व्हचं वजन हातावर किती येतं ते दुकानातच कळायला हवं.