मोबाइलवरचं ट्रेनिंग आणि दिघ्याचा वारा

आपत्कालीन तयारीचं ऑनलाइन ट्रेनिंग पूर्ण करा आणि सर्टिफिकेटचा स्क्रीनशॉट टाका, असा मेसेज आमच्या आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर आला आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या जणींचे स्क्रीनशॉट आलेसुद्धा. व्हिडिओ लावून फोन चार्जिंगला ठेवला तरी कोर्स 'पूर्ण' होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुणाला नावं ठेवत नाही. सकाळी लसीकरण सत्र, मग गृहभेटी, मग पोर्टलवर एन्ट्री, घरी गेल्यावर स्वयंपाक. त्यात साथरोग व्यवस्थापनाचा व्हिडिओ कुणी मन लावून बघायचा? पण मी एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका म्हणून नवी मुंबईतल्या दिघा-ऐरोली पट्ट्यात फिरते. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये ठाणे-बेलापूर रोड आणि एमआयडीसीचे केमिकलचे कारखाने. 'आपत्ती' हा शब्द इथे पुस्तकातला राहत नाही, म्हणून मी ते सगळं बसून बघायचं ठरवलं. २०२३ चा उन्हाळा होता.

नोंदणीचा भाग पटकन सांगते, कारण त्यात मजा काही नाही. ओटीपी येतो, मग संस्था आणि पदनाम निवडायची यादी येते, आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची गाडी तिथेच अडते. आमच्या पीएचएन (पब्लिक हेल्थ नर्स) मॅडमनी सगळ्यांना एकच पर्याय निवडायला लावला आणि विषय मिटवला. नावाचं मात्र आधीच बघा. आधारवर सासरचं नाव, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचं, असं आमच्यातल्या कितीजणींचं आहे. सर्टिफिकेटवर प्रोफाइलमधलं नाव छापून येतं. सर्व्हिस बुकला लावायचं असेल तर आधी प्रोफाइल दुरुस्त करा, मग परीक्षा द्या.

सक्तीचा कोर्स संपल्यावर एमओ (वैद्यकीय अधिकारी) मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, एवढं बघितलंत तर 'ओपन डब्ल्यूएचओ' पण बघा." जागतिक आरोग्य संघटनेने हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू केलं. तेव्हा फी नव्हती, आपल्या सवडीने शिकायचं, प्रश्नमंजूषेत ८० टक्के मिळाले की प्रमाणपत्र मिळायचं. हात धुण्याच्या कोर्सने सुरुवात केली. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६०. माहीत होतं, पण घड्याळ लावून धुवून बघा एकदा. ४० सेकंद फार लांब असतात!

खरी मेहनत लागली ती बेसिक इमर्जन्सी केअरला. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि आपत्कालीन वैद्यकशास्त्राचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांच्यासोबत बनवलेला हा अभ्यासक्रम. माझं इंग्रजी वाचन हळू. एक पान वाचायचं, थांबायचं, मुलीला विचारायचं, वहीत मराठीत उतरवायचं. वहीत पहिल्या पानावर पाच ओळी आल्या: श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्ताभिसरण कसं आहे, भान किती आहे, आणि कपडे बाजूला करून अंगावर काही लपलंय का. इंग्रजी आद्याक्षरांवरून ए-बी-सी-डी-ई. यातली गोम क्रमात आहे. श्वासमार्गात अडथळा सापडला की तो आधी दूर करायचा, मगच पुढच्या अक्षराकडे जायचं. पायातून वाहणारं रक्त डोळ्यांत भरतं आणि आपण तिकडेच धावतो, तोवर इकडे जीभ मागे पडून माणूस गुदमरतो. (धो-धो रक्त वाहत असेल तर ते अर्थातच लगेच दाबून धरायचं, कोर्सही तेच सांगतो.) भान मोजायची पद्धत तर आशाताईंनाही पाच मिनिटांत आली: जागा आहे, हाकेला ओ देतो, चिमटा काढल्यावर हलतो, की कशालाच प्रतिसाद नाही.

उष्माघाताचा भाग मी दोनदा वाचला. त्याच वर्षी १६ एप्रिलला खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या श्रीसदस्यांचे (अप्पासाहेब धर्माधिकारींच्या अनुयायांचे) मृत्यू झाले, त्याची चर्चा आमच्या ओपीडीत रोज चालायची. लोक म्हणायचे, विदर्भात ४५ डिग्रीत माणसं राहतात, इथे काय एवढं? उत्तर हवेतल्या दमटपणात आहे. घाम सुकला तर अंग थंड होतं. खाडीकाठी तो सुकतच नाही, नुसता गळतो. म्हणून हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकषही किनारपट्टीला वेगळा: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७ आणि सोबत नेहमीपेक्षा साडेचार डिग्रींची वाढ. आणि उपचारात पॅरासिटामॉल उपयोगाचं नाही, कारण हा तापच वेगळा. शरीराने स्वतःहून वाढवलेला नाही. असंबद्ध बडबड करणारा किंवा बेशुद्ध झालेला माणूस दिसला की १०८ ला फोन करायचा, सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको.

केमिकलवाल्या धड्याने मला सगळ्यात जास्त कामाला लावलं. सूचना साध्याच: वारा वाहतो त्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवे निघा, कपडे उतरवा, डोळे निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. क्लोरीन हवेपेक्षा साधारण अडीचपट जड, ते खड्ड्यात, नाल्यात, तळमजल्यावर साचतं. अमोनिया हलका, तरी गळतीच्या वेळी थंडगार ढग जमिनीलगत सरकू शकतो. वाचून झालं आणि मी आमच्या वस्तीचा कागद काढला. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येचा, उन्हाळ्यात दुपारनंतर खाडीकडून. म्हणजे कारखान्यांतून निघालेलं काहीही डोंगराकडे येणार. आणि डोंगराच्या उतारावर कोण राहतं? आमचीच वस्ती. पुराच्या वेळी आम्ही लोकांना शिकवलंय, वर चला. इथे वर चला म्हणजे वायूच्या सोबत चला! आडवं जायचं तर आडव्या गल्ल्या तीनच, त्यातली एक दुचाक्यांनी भरलेली. असला प्रश्न कुठल्याच क्विझमध्ये आला नाही. येणार तरी कसा?

तो कागद घेऊन आशाताईंच्या मीटिंगला गेले. एक ताई म्हणाली, "मॅडम, रात्री वारा कुठून येतोय ते कळायचं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरीनेच दिलं: मंदिरावरचा झेंडा बघायचा, नाहीतर दोरीवरचे कपडे. भोपाळला १९८४ च्या डिसेंबरमध्ये वायू रात्रीच सुटला होता, माणसं झोपेत होती, हे मी तेव्हा सांगितलं. मग कुणी मोबाइलकडे बघत बसलं नाही.

ऑनलाइनमध्ये जे जमत नाही तेही सांगायला हवं. सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचा, व्हिडिओ कितीही बघा. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे तोंडपाठ होतं, पण पाच सेंटिमीटर म्हणजे हाताला किती जोर, ते सरावाच्या पुतळ्यावर दाबल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि माणूस बदलावा लागतो, हेही नाही कळत. ट्रेनिंग ठरवणाऱ्यांनी व्हिडिओ निम्मे करावेत आणि एक दिवस पुतळा द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तसा अर्ज मी दिलाय.

दरम्यान आशाताईंच्या सर्व्हेच्या वहीत आम्ही एक रकाना वाढवला: 'उचलून न्यावं लागेल का?' अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले, नववा महिना लागलेल्या, चाकाच्या खुर्चीवरचे. शेजारी कोण तगडं आहे त्याचं नाव समोर लिहायचं, त्याला विचारून. भाडेकरू सारखे बदलतात, म्हणून यादी दर मीटिंगला नव्याने तपासावी लागते, आणि त्यावर आशाताई कुरकुर करतात ते रास्तच आहे, कारण त्याचा वेगळा मोबदला कुठल्याच फॉर्मात बसत नाही.