अप्पा, काकू आणि आमच्या घराण्याची वंशावळ

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या लोकांनी खासरा पत्रके (जमिनीच्या जुन्या नोंदी), जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आणि शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे काढायला सुरुवात केली. आमच्या भावकीनेही ते केले. उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शोधले, कागदांच्या प्रती जमवल्या, आणि त्या निमित्ताने पणजोबांच्याही मागे दोन पिढ्या जाणारी वंशावळ प्रथमच एका कागदावर आली. काम कष्टाचे होते आणि ज्यांनी केले त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु माझ्या थोरल्या काकांच्या, म्हणजे अप्पांच्या, नावाखाली त्यांच्या दोन्ही मुलांची नावे आहेत आणि ज्यांच्या पोटी ती मुले जन्मली त्या काकूंचे नाव नाही. बायकांची नावे वंशावळीत लिहीत नाहीत, असे मला सांगण्यात आले. तसे असते तर माझ्या आईचे नाव माझ्या वडिलांच्या नावाशेजारी कंसात आले नसते. काकूंचेच नाव गाळलेले आहे, आणि ते गाळून आमच्या घराण्याचा इतिहास सांगता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आमचे गाव गोदाकाठचे, परभणी जिल्ह्यातले. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, कारण त्या राज्यात सरकारी नोकरी हवी असेल तर दुसरा रस्ताच नव्हता. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर निजामाच्या राज्यातल्या फसली कालगणनेप्रमाणे १३३५ हे वर्ष आहे; त्यात ५९० मिळवले की १९२५ येते. घरी तुकोबांची गाथा, शाळेत उर्दू आणि बाजारात दोन्हींची मिसळ अशा भाषेत ते वाढले आणि पुढे शिक्षक झाले. अप्पांच्या उच्चारांचे पुढे जे कौतुक झाले, त्याचे मूळ या घरात होते. आजोबा त्यांच्याकडून पाठ म्हणून घेताना 'ज' आणि 'झ', 'श' आणि 'ष' यांत गल्लत झाली की पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणायला लावत. रझाकारांच्या दिवसांत घरातली बायकामुले उमरखेडच्या बाजूला नातेवाइकांकडे गेली होती, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केल्याची बातमी अप्पांनी तिथे, एका दुकानासमोर जमलेल्या गर्दीत उभे राहून ऐकली. तेव्हा ते सात वर्षांचे होते. रेडिओवर बोललेले शब्द माणसांना घरी परत नेऊ शकतात, हे आपल्याला त्या दिवशी कळले, असे ते नेहमी सांगत.

काकूंचे माहेर अंबाजोगाईचे, म्हणजे निजामाच्या काळातल्या मोमिनाबादचे. स्वामी रामानंद तीर्थांनी जिथे शिकवले आणि माणसे घडवली ते हे गाव, त्यामुळे स्वातंत्र्यसंग्रामात उतरलेली माणसे तिथल्या अनेक घरांत होती. काकूंचे वडील त्यांपैकीच एक. ते तुरुंगात होते तेव्हा काकूंच्या आईने शिवणकाम करून घर चालवले, आणि सत्कार मात्र पुढे फक्त वडिलांचे झाले. काकूंनी हे मला अनेकदा सांगितले; त्यात तक्रारीचा सूर नसे, हिशेब नीट मांडावा तसे त्या ते मांडत. आमच्या घराण्यातही आता तोच हिशेब चुकतो आहे.

त्यांचे लग्न १९६७ साली झाले. पुढच्याच वर्षी परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. निजामाच्या काळापासून औरंगाबादेत असलेले रेडिओ केंद्र पन्नासच्या दशकात बंद पडले होते, त्यामुळे मराठवाड्याला आपल्या मातीतला आवाज मधली कितीतरी वर्षे ऐकू येत नव्हता. अप्पा उद्घोषक म्हणून लागले. सकाळच्या सभेची, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची, पाळी असली की ते उजाडण्यापूर्वी सायकलने निघत. घरी ते क्यू शीटवर, म्हणजे दिवसभराच्या कार्यक्रमांच्या क्रमपत्रकावर, पेन्सिलीने काम करत: जोडाक्षराखाली एक रेघ, श्वास घ्यायच्या जागी उभी खूण, आणि गावांच्या नावांवर छोटा गोल. गावाचे नाव चुकीचे उच्चारले तर त्या गावचा माणूस रेडिओ बंद करतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून अनोळखी गावाचे नाव आले की ते बसस्थानकावर जाऊन कंडक्टरला विचारून येत. श्रोत्यांची पोस्टकार्डे ते जपून ठेवत. त्यांत गाण्याच्या फर्माइशी कमी आणि शेतीच्या अडचणी जास्त असत. ज्वारीवर पडलेल्या किडीबद्दल विचारणारे पत्र आले की ते कृषी महाविद्यालयात नेऊन दाखवत आणि उत्तर घेऊनच परत येत.

१९७२ च्या दुष्काळाने दोघांच्या कामाच्या दिशा वेगळ्या केल्या. दुष्काळी कामांवर बायका खडी फोडत होत्या, मुले सुकडीच्या रांगेत होती, रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी मिळत होती. अप्पा मदतकार्याच्या सरकारी सूचना वाचत आणि काकू त्याच कामांवर जाऊन बायकांशी बोलत. काकूंची त्या काळातली एक वही त्यांच्या मुलीकडे आहे. शाळकरी मुलांची, दोनशे पानी, उन्हाने करपलेल्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर चार रकाने: बाईचे नाव, कामाचे दिवस, मिळालेली मजुरी, बाकी. काही नावांपुढे पाचवी नोंद आहे, 'नवऱ्याने टाकलेली, कार्ड सासऱ्याकडे'. अशा बाईच्या हाती ना रेशन कार्ड असे, ना तिची मजुरी. पुढे आयुष्यभर काकूंनी ज्या प्रश्नावर काम केले तो त्यांना कोणत्या पुस्तकात सापडला नाही. हजेरीपत्रक आणि प्रत्यक्ष उभी असलेली बाई यांचा मेळ बसेना, तिथे तो सापडला.

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात काकू उतरल्या तेव्हा घरात कुरबुर झाली, पण तुटण्याइतके काही झाले नाही. आणीबाणीत मात्र सारे बदलले. काकूंनी १९७५ च्या अखेरीस सत्याग्रह केला आणि त्यांना अटक झाली. येथे एका नियमाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या नात्यातल्या कोणालाही तो ठाऊक नाही आणि त्याच्यावाचून या दोघांची गोष्ट समजत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना, आणि म्हणून आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या अप्पांनाही, १९६४ चे वर्तणूक नियम लागू होते. त्यांतला पाचवा नियम सांगतो, की कुटुंबातील कोणी व्यक्ती शासन उलथवू पाहणाऱ्या चळवळीत भाग घेत असेल तर तिला रोखण्याचा प्रयत्न करणे हे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि रोखता येत नसेल तर तसे शासनाला कळवले पाहिजे. कुटुंब म्हणजे कोण, हेही त्याच नियमांत आहे. पत्नी एकत्र राहत असो वा नसो, ती कुटुंबातच मोडते. मात्र न्यायालयाच्या आदेशाने विभक्त झालेली पत्नी मोडत नाही.

अप्पांना खुलासा मागणारे पत्र आले. त्यांनी दिलेल्या उत्तराची कार्बन प्रत मी पाहिली आहे. पातळ कागद, निळसर अक्षरे, तारखेवर गंजलेल्या टाचणीचा डाग. मजकूर चार ओळींचा आहे: पत्नी सज्ञान व सुशिक्षित आहे, तिची मते तिची स्वतःची आहेत, ती मते शासनाविरुद्ध कट आहेत असे मला वाटत नाही, आणि तिला रोखण्याचा मी प्रयत्न केलेला नाही. शेवटच्या वाक्यातला 'नाही' हा शब्द टंकयंत्रावर दोनदा मारलेला आहे, त्यामुळे तो इतर शब्दांपेक्षा ठळक दिसतो. अप्पा कोणाशी चढ्या आवाजात बोलल्याचे कोणी ऐकलेले नाही. त्यांनी हे उत्तर त्या दिवसांत सही करून पाठवले, ही आमच्या घराण्यातली मोठी गोष्ट आहे असे मी मानते, आणि वंशावळ तयार करणाऱ्यांपैकी कोणालाही ती माहीत नव्हती. त्यानंतर त्यांची वेतनवाढ थांबली आणि दूर बदली झाली.

घटस्फोट झाला तो १९७८ साली, आणीबाणी संपल्यानंतर. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आली. त्याआधी एकाने दुसऱ्यावर काहीतरी दोष सिद्ध केल्याशिवाय सुटका नव्हती. दोघांनी त्या नव्या कलमाखाली अर्ज केला, आणि एकमेकांविरुद्ध एक ओळही लिहिली नाही. नात्यात मात्र दोन कथा रुजल्या. तिने मोर्चांपायी संसार मोडला, ही एक. त्याने नोकरीपायी बायको सोडली, ही दुसरी. तारखा पाहिल्या तर दोन्ही टिकत नाहीत, कारण नोकरीवरचे संकट टळून वर्ष उलटल्यावर ते वेगळे झाले. मी काकूंना एकदा स्पष्ट विचारले होते. त्या म्हणाल्या, "तुझे अप्पा घाबरून गेले असते तर मला सोपं गेलं असतं, रागवायला तरी आलं असतं. ते घाबरले नव्हते, थकले होते. त्यांना संध्याकाळी दिवा लावलेलं घर पाहिजे होतं, आणि मी संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गावात असायची." दोन गावांत राहून दोन मुले वाढवताना संसार विरत गेला, एवढेच मला त्यातून समजते. मुलगा आजीजवळ राहिला, मुलगी अंबाजोगाईला. अप्पा दर महिन्याला मनिऑर्डर करत. काकूंच्या सहीच्या पोचपावत्या त्यांनी बिस्किटांच्या डब्यात वर्षवार बांधून ठेवल्या होत्या.

आता मूळ प्रश्न. काकूंचे नाव घटस्फोटामुळे गाळले, असे सांगितले जाते. पण त्याच वंशावळीत माझ्या एका चुलत चुलत्यांच्या पहिल्या पत्नीचे नाव आहे, आणि त्यांचीही काडीमोड झालेली होती. कारण वेगळे आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे आणि जनार्दन मवाडे यांचे खून झाले. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, परंतु वस्तीवर बहिष्कार पडला: दळण बंद, किराणा बंद, शेतातले काम बंद. बहिष्कार घालणाऱ्यांत आमच्या घराण्यातली माणसे होती. हे लिहिताना मला यातना होतात, पण हे वगळले तर वंशावळीतली बाकीची सगळी नावे निव्वळ शोभेची ठरतील.

काकू त्या गावात आल्या. ज्या गावच्या त्या काही महिन्यांपूर्वीपर्यंत सून होत्या, त्याच गावच्या वस्तीत त्या मुक्काम करून राहिल्या. बहिष्काराची तक्रार लिहून घेतली आणि ती तहसीलदारांपर्यंत नेली. सूड घ्यायला आली, असे आमचे चुलते म्हणाले. आजीला ते पटले नाही. ती दिवसाउजेडी, डोक्यावरचा पदर नीट करून वस्तीत गेली आणि काकूंच्या शेजारी बसून चहा प्यायली. आमच्या घराण्यातून तिथे जाऊन बसलेली ती पहिली बाई. आजीला कोणी काही बोलू शकले नाही. काकूंचे नाव मात्र त्या दिवसापासून घरात घ्यायचे बंद झाले. माझी आई तेवढी त्यांना शेवटपर्यंत जाऊबाई म्हणत राहिली. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, आणि तोवर काकूंनी सासरच्या गावात पुन्हा पाऊल टाकले नव्हते.

त्यांचे पुढचे काम मुख्यतः टाकलेल्या बायकांसाठी झाले. अंबाजोगाईत शैलाताई लोहिया यांनी १९८४ साली मनस्विनी महिला प्रकल्प उभा केला, त्यामुळे या प्रश्नावर काम करणाऱ्या बायकांना त्या भागात एक आधार मिळाला. रेशन कार्ड वेगळे करून घेणे, पोटगीचा अर्ज, मुलांच्या शाळेच्या दाखल्याची अडचण अशी कामे काकू वर्षानुवर्षे करत राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि बराच काळ पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. विधवांच्या वाट्याची मदत दीर-सासऱ्यांच्या हाती जाऊ नये, यासाठी त्यांनी पुन्हा तसलीच चार रकान्यांची वही घातली.

अप्पा निवृत्त झाले आणि २०११ साली गेले. काकू त्यांच्यानंतर आठ वर्षांनी. अप्पांच्या आवाजाचे फारसे काही उरलेले नाही. फितींची टंचाई असे, एका कार्यक्रमाचे स्पूल पुसून त्यावर दुसरा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होई, आणि उद्घोषणा तर मुद्रित करण्याची पद्धतच नव्हती. घरी एक कॅसेट आहे, तीत ते मुलीला कविता म्हणून दाखवत आहेत. ती कॅसेट काकूंच्या कपाटात मिळाली.

मी भावकीला दुरुस्त वंशावळ पाठवली आहे. तीत काकूंचे नाव त्यांच्या माहेरच्या आडनावासह आहे, लग्नाचे आणि घटस्फोटाचे वर्ष आहे, आणि १९७८ च्या बहिष्काराची नोंद स्वतंत्र ओळीत आहे. दोन्ही मुलांनी त्यावर लेखी संमती दिली. नावाला भावकीची हरकत नाही, बहिष्काराच्या ओळीला आहे. तिच्यावर दिवाळीनंतर बैठक होणार आहे आणि मी तिथे कार्बन प्रत, वही आणि पोचपावत्या घेऊन जाणार आहे. सत्तरच्या दशकात परभणी केंद्राचे कार्यक्रम कोणी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवले असतील, किंवा १९७२ च्या कामांवरच्या बायकांपैकी कोणाला अशी वही घेऊन फिरणारी बाई आठवत असेल, तर त्यांनी मला जरूर कळवावे.